गार्बटचं बेणं

मळ्यांच्या गेटची किल्ली कुलपात अर्धीच गेली. मी ती बाहेर काढली, कोटाला पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा अर्धीच. माझंच काहीतरी चुकत असणार असं मला आधी वाटलं. तसं वाटायची मला सवय आहे. चाळीस वर्षं नवरा आणि सव्वीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर, दोन्हीकडे काही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघायचे. ऑक्टोबर संपत आलेला, शनिवारची सकाळ, डाव्या हातात आठवड्याच्या बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा भरलेली बादली. मी बादली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी किल्ली दाबली. बोटांचे सांधे थंडीत दुखतात, म्हणून जोर लागत नसेल. मनगटाला तर सगळं पाठ होतं: किल्ली आत, थोडी वर उचलायची, उजवीकडे, मग दाराला गुडघ्यानं हलका धक्का. दोन वर्षं, माझा नवरा नॉर्मन गेल्यापासून, हे मी रोज केलेलं होतं. त्याआधी तो करायचा आणि मी मागे बादली घेऊन उभी असायची. मग माझं लक्ष कुलपाकडे गेलं. ते नवं होतं, पिवळंधमक. जुनं कुलूप गंजून काळं पडलं होतं, आणि इतका वेळ मी या पिवळ्या कुलपाकडे बघत असूनही मला जुनंच दिसत होतं. दार कुणीतरी लावून घेतलंय आणि मी बाहेर आहे, एवढंच त्या क्षणी कळलं.

गेटच्या गजांमधून आमचा मळा दिसतो. कौन्सिलनं गावकऱ्यांना भाजी लावायला भाड्यानं दिलेले इथे चाळीस तुकडे आहेत, कोळशाच्या जुन्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी; आमचा चौदा नंबर. खाण होती तेव्हा इथली माती बोटांना काळं लावायची. आता खाण नाही, ढिगाऱ्यावर गवत आहे आणि वर कौन्सिलनं बसायला बाकं टाकलीत, ज्यांच्यावर कुणी बसत नाही. आमच्या खोपटाचं दार उघडं होतं. त्यासमोर एक माणूस वाकून घेवड्याच्या काठ्या उपटत होता. त्या काठ्या दरवर्षी ऑक्टोबरात मी उपटते, पुसते, लांबीप्रमाणे लावते आणि खोपटात उभ्या करते. काही काठ्या एकोणीसशे ऐंशीच्या आहेत. तो त्या उपटून गुडघ्यावर मोडत होता. काड्‌ असा आवाज यायचा, मग थोड्या वेळानं पुन्हा काड्‌. प्रत्येक आवाजाला माझे खांदे आपोआप वर जात होते.

क्लिफर्ड रेन येण्याआधी त्याचा श्वास येतो. तेवीस वर्षांची कोळशाची धूळ छातीत आहे त्याच्या, चढावर शीळ वाजल्यासारखी वाजते. आमच्या मळ्यांच्या मंडळाचा तो सेक्रेटरी, शेजारच्या पंधरा नंबरवाला, आणि नॉर्मनचा दोस्त. दोघं एकाच पाळीत खाली उतरायचे. शीळ ऐकून मला हायसं वाटलं, हे मी आता लपवत नाही. क्लिफर्ड आला, आता सगळं सुरळीत होईल, असं वाटलं.

“काय गं पोरी, सकाळी सकाळी?” तो म्हणाला. मी अडुसष्ट वर्षांची आहे, पण तो मला पोरीच म्हणतो.

“कुलूप उघडेना.”

“बदललं ना. कौन्सिलनं बदललं. सगळ्यांना पत्रं गेली, किल्ली त्यातच होती.”

“मला नाही आलं पत्र.”

त्यानं माझ्या बादलीकडे पाहिलं. “नॉर्मनच्या नावानं आलं असेल.”

“आत कोण आहे तो?”

“कुठे? तो होय? आपला क्रेग. आमच्या डेनिसचा नवरा, जावई माझा. जरा साफसफाई करतोय.”

“माझ्या मळ्यात?”

“एनिड, ही काय थंडीत उभ्या उभ्या बोलायची गोष्ट आहे?”

“मग आत घे मला. खोपटात बसू. चहा करते.”

“तेच तर ना. यादीत नाव नाही त्याला आत घेता येत नाही. विम्याची भानगड असते ती.”

“क्लिफर्ड रेन, माझ्या लग्नात पिऊन तू माझ्या आईच्या टोपीवर बसला होतास. तू मला विमा शिकवतोस?”

तो हसला. हसता हसता खोकला आला आणि खोकल्याआड बराच वेळ गेला. मग डोळे पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “नॉर्मन गेला, मळा नॉर्मनच्या नावावर. कौन्सिलला कळलं. आता नियम म्हटल्यावर मी काय करणार? क्रेगचं नाव यादीत नऊ वर्षं होतं, त्याचा नंबर लागला. तुझ्या जिवाला आता आराम पण हवा. आणि लीकची काळजी करू नकोस. तिन्ही मी माझ्या काचघरात हलवल्यात. गार्बटचं बेणं सुखरूप आहे.” एवढं बोलून त्यानं आपल्या किल्लीनं कुलूप उघडलं, आत गेला आणि गजांमधून हात घालून पुन्हा लावलं. माझी बादली मात्र आत घेतली. साली खताला उपयोगी पडतील म्हणाला.

बेणं म्हटलं की इकडे लोकांचे आवाज उतरतात. लीक म्हणजे कांद्याच्याच कुळातली भाजी, पण आमच्या गावात ती खायसाठी लावत नाहीत, प्रदर्शनासाठी लावतात. बुटकी, जाड, पावाच्या लादीएवढ्या घेराची. सप्टेंबरात खाणकामगारांच्या क्लबात लांब टेबलांवर पांढरे कागद पसरून त्या मांडतात आणि एरवी बायकोचा वाढदिवस लक्षात नसलेले पुरुष पट्टीनं त्यांचे घेर मोजतात. ज्याची लीक मोठी त्याचं बेणं मोठं, आणि बेणं घराबाहेर जात नाही. प्रदर्शनातल्या सगळ्यांत देखण्या दोन-तीन पुन्हा मातीत लावायच्या, हिवाळाभर जपायच्या, उन्हाळ्यात त्यांना तुरे येतात, तुऱ्यातून रोपं आणि बी. गार्बट आमचं आडनाव; गार्बटचं बेणं नॉर्मनच्या बापापासूनचं. क्लिफर्डनं ते तीस वर्षं मागितलं. एकदा क्लबात, भर गर्दीत, नॉर्मन त्याला म्हणाला होता, “हे बघ क्लिफ, हवी तर बायको घेऊन जा. बेणं मागू नकोस.” सगळा क्लब हसला. मीही हसले. माझ्या हातात सँडविचचं ताट होतं आणि ते हसताना हलू नये म्हणून मी ते पोटाशी धरलं होतं, हे मला आज गजांना धरून उभी असताना आठवलं. नॉर्मन त्या लीकना काय पाजतो याबद्दल गावात किती गोष्टी होत्या! कुणी म्हणे काळी बिअर, कुणी म्हणे बैलाचं रक्त, कुणी म्हणे पाद्र्याकडून आणलेलं पाणी. नॉर्मन फक्त भुवया उडवायचा. तो पाजायचा बटाटे उकडलेलं पाणी. शाळेत दोनशे पोरांचे बटाटे रोज उकडायचे. ते पाणी मी गार करून दोन डब्यांतून आणायची, दोन्ही हातांना एक एक, बसच्या पायऱ्या चढून, सव्वीस वर्षं. उन्हाळ्याच्या सुटीत घरी बटाटे उकडायची. आम्ही जितके बटाटे खाल्ले तितके डरहॅम परगण्यात कुणी खाल्ले नसतील. ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ते माझ्यामुळे आहे हे सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून एक गुपित ठेवलंय या आनंदातच मी होते.

घरी येईपर्यंत पाय गार पडले होते. नॉर्मनला पुरलं त्या दिवशी याच खोलीत क्लिफर्ड हॅमचा तुकडा हातात धरून माझ्याजवळ बसला होता. “मळ्याचं तू मनात आणू नकोस,” तो म्हणाला होता. “तो तुझाच. कौन्सिलला मी सांगतो.” आणि मी खरंच मनात आणलं नाही. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण आमच्याकडे असंच चालत आलंय. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, कुणाला अर्धाच तुकडा हवा झाला, तर कुंपणावरून सेक्रेटरीला सांगायचं. सेक्रेटरीला सांगितलं म्हणजे कौन्सिलला सांगितलं. क्लिफर्डच्या आधी त्याचा बाप सेक्रेटरी होता; कराराचा कागद कसा असतो हे आमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलंही नाही. भाडंसुद्धा पाकिटात घालून त्याच्याच हातात. मी दोन वर्षं तिथे खणलं, निंदलं, लावलं, आणि कुंपणापलीकडून तो रोज म्हणायचा, “नॉर्मन बघत असेल तर खूश असेल, पोरी.”

घड्याळामागे पत्रं होती. नॉर्मनची पत्रं मी उघडत नाही. तो असतानाही उघडत नव्हते. गेल्यावर उघडायला लागले तर तो खरंच गेला असं होईल, असं काहीतरी असावं. किंवा नुसताच आळस. त्याच्या नावाचं आलं की घड्याळामागे खोचायचं. त्यांत चष्म्याच्या दुकानाची, मासेमारीच्या क्लबाची आणि कौन्सिलची चार होती. कौन्सिलची मी तारखेप्रमाणे लावली आणि भाजीच्या सुरीनं उघडली. पहिल्यात लिहिलं होतं की सगळ्या मळ्यांची नोंद आता संगणकावर घेत आहोत, कृपया तपशील कळवा. दुसऱ्यात, आपण हयात नसल्याचे समजते, तरी आपल्या पत्नीस मळा हवा असल्यास त्यांनी अठ्ठावीस दिवसांत अर्ज करावा. मेलेल्या माणसाला पत्र लिहून तू मेलास असं कळवायचं, हे कौन्सिललाच सुचू जाणे. तिसऱ्यात, मंडळाच्या सेक्रेटरींनी दिलेल्या माहितीनुसार आपल्या पत्नीस मळा चालवण्याची इच्छा नसल्याने तो प्रतीक्षायादीतील पुढील व्यक्तीस देण्यात येत आहे. चौथं कुलपाबद्दल: आपणाकडील जुनी किल्ली परत करावी. तिसरं पत्र मी परत वाचलं. मग उभं राहून वाचलं, खिडकीशी. इच्छा नसल्याने. कुणाची इच्छा? जुलै महिन्यातली तारीख होती. जुलैत मी त्याला दोन टोपल्या मटार सोलून दिले होते, कारण त्याच्या डेनिसकडे मंडळी आली होती. त्याच्याच मळ्यात, उलट्या घातलेल्या बादलीवर बसून सोलले होते, आणि तो समोर बसून शेंगा पुढे करत होता.

पण मला एक आधार होता. एकोणीसशे एक्याण्णवमध्ये कौन्सिलनं घरोघर एक कागद पाठवला होता: नवऱ्याबरोबर बायकोचं नावही मळ्यावर लावून घेता येईल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी तो भरला होता. जाड, पिवळसर कागद. पूर्ण नाव लिहिलं होतं, एनिड मेरी गार्बट, शाळेत बक्षीस घेताना लिहितात तसं. नॉर्मन शेजारी उभा राहून बघत होता. “झालं का तुझं?” म्हणाला, घडी घालून खिशात ठेवला. दोन दिवसांनी मी विचारलं, तर बूट काढता काढता म्हणाला, “दिलं क्लिफकडे.” म्हणजे तो कागद क्लिफर्डनंच गिळला! शनिवार दुपार आणि सगळा रविवार मी या रागावर काढला, आणि खोटं कशाला बोलू, त्या रागानं मला ऊब दिली. मी सगळं ठरवून ठेवलं होतं: कौन्सिलच्या कचेरीत जाईन, म्हणेन, माझं नाव तेरा वर्षांपूर्वीच लागायला हवं होतं, माझा नवरा जिवंत असता तर त्यानंच तुम्हाला सांगितलं असतं. नॉर्मन माझ्या बाजूनं उभा असलेला मला दिसत होता, टोपी हातात घेऊन, मान थोडी तिरकी. मेल्यापासून इतका स्पष्ट तो मला कधी दिसला नव्हता.

सोमवारी कचेरीत जांभळी नखं लावलेली एक मुलगी होती. लॉरेन, असं छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. बोलायला गोड. माझं सगळं ऐकून घेतलं, उठून आत गेली आणि जुनी फाइल घेऊन आली. “एक्याण्णवमध्ये तेवीस बायकांची नावं लागली,” ती एकेक कागद उलटत म्हणाली. “बारा नंबर, तेरा, पंधरा, सोळा. चौदाचा कागद आलेलाच नाही हो.”

“पंधरा? क्लिफर्ड रेननं आपल्या बायकोचं नाव लावलं होतं?”

“एडना रेन. हो.”

“मग माझा कागद त्यानं दाबला.”

“तसं कसं म्हणू मी? आमच्याकडे आलेला नाही एवढंच मला दिसतं.” मग तिनं एक पत्र माझ्याकडे फिरवलं. “हे मात्र आलंय. तुम्हाला दाखवायला हरकत नाही, तुमच्याबद्दलच आहे.” क्लिफर्डचं अक्षर मला पाठ आहे, मोठं, डावीकडे झुकलेलं, प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या तोच लिहितो. *मिसेस गार्बट या मनाच्या मोठ्या असून जमेल तितके करतात, परंतु त्यांना आता झेपत नाही. त्या स्वतः सांगायच्या नाहीत, म्हणून मी कळवत आहे.* झेपत नाही. माझ्या कानात एकदम शाळेच्या भांड्यांचा खणखणाट झाला. दोनशे पोरांचं जेवण, पन्नास पौंड बटाटे, खणताना मोडलेलं आणि तसंच जुळून आलेलं करंगळीचं हाड, नॉर्मनला शेवटच्या पाच महिन्यांत पलंगावरून उचलून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं काय, तर “त्याचं अक्षर चांगलं आहे, नाही?”

लॉरेन म्हणाली, नियमात सगळं बरोबर झालंय. मुदत होती, ती टळली. माझं नाव प्रतीक्षायादीत घालते म्हणाली. “त्रेसष्टावा नंबर. पण लोक गळतात मधेच.” मी विचारलं, गळतात म्हणजे? ती लाल झाली. बिचारी.

घरी आल्यावर मी कोटसुद्धा काढला नाही. बी ठेवायचा डबा खाली घेतला. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, झाकणावर राणीच्या राज्याभिषेकाची बग्गी. उंदरांच्या भीतीनं तो आम्ही घरीच ठेवायचो. मला वाटलं होतं की काचघरातल्या तीन लीक गेल्या तर गेल्या, डब्यात बी असेल, गार्बटचं. कुणाच्या परसात पेरीन, कुंडीत पेरीन, खिडकीत पेरीन. वरची पाकिटं नव्या बियांची, दुकानातली. खाली नॉर्मननं कागदाच्या घडीची केलेली, पेन्सिलीनं वर्ष लिहिलेली. अगदी तळाशी एक होतं जाड, पिवळसर. वर पेन्सिलीनं *१९९१, मोठ्या तीन*. कडेला घडीतून निळ्या शाईचं एक अक्षर बाहेर दिसत होतं, माझं ए. मी पाकीट उघडलं नाही. टेबलावर ठेवलं, हात धुतले, पुसले, मग उघडलं. बी काळं, बारीक, टेबलभर सांडलं. लीकचं बी तीन वर्षांत मरतं. ते तेरा वर्षांचं होतं. कागद सपाट केला. एनिड मेरी गार्बट. सही. तारीख. सगळं जागच्या जागी, घड्यांच्या रेषांनी आठ तुकडे पाडलेलं.

विसरला असेल, असं म्हणता येतं. दोन दिवस खिशात राहिला, तिसऱ्या दिवशी बी गोळा करताना कागद हवा झाला, हाताला लागला तो घेतला. पण विसरलेला माणूस ‘दिलं क्लिफकडे’ असं म्हणत नाही. आणि बूट काढता काढता, खाली बघून. शेजारच्या क्लिफर्डनंसुद्धा एडनाचं नाव लावलं, जिला मळ्यात यायचाच कंटाळा होता, जिच्या उंच टाचा मातीत रुतायच्या. नॉर्मनला कसली भीती वाटली असेल? क्लबात हसतील? का नाव लागलं तर पाणीही माझं, हे कधीतरी बाहेर पडेल? काही सापडेना. त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी तो कुठे होता! शनिवारी क्लिफर्डवर संतापताना याच माणसाचा मी आधार घेतला होता, त्याला टोपी हातात देऊन स्वतःच्या बाजूला उभं केलं होतं. क्लिफर्डनं मला दोन वर्षं फसवलं. यानं मरेपर्यंत अकरा वर्षं, आणि रोज रात्री शेजारी झोपून. मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती का वाटावी हे कळेना, कारण खोटं तर तो बोलला होता.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, रस्त्यावरून शीळ वाजत आली. क्लिफर्ड दारात उभा होता, हातात माझी बादली. मी गेटवर दिलेली. तीत माती आणि मातीत तिन्ही लीक. पाती पिवळ्या पडून कडांनी लोंबत होत्या.

“चिडली आहेस का?” तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून बादली घेऊन पायरीवर ठेवली.

“चिडलीच असशील. असू दे. पण पोरी, हे बघ काय झालंय. मी सगळं केलं. पाणी घातलं, शेणखत घातलं, रात्री दिवा लावला त्यांना. दिवसेंदिवस बसतच चालल्यात. नॉर्मन काय घालायचा, तेवढं सांग मला. तुला ठाऊक असणार.”

मी वाकून बोट घातलं मातीत. चिखल होता. हिवाळ्यात लीकला पाणी तोडायचं असतं, जवळजवळ कोरडी ठेवायची. यानं पाजून पाजून बुडं कुजवली होती. आणखी आठवडाभर चालल्या असत्या. आज काढून, कुजलेलं कापून, राखेत लोळवून कोरड्या मातीत लावल्या असत्या तर एखादी नक्की वाचली असती. हे मला बोट मातीत असतानाच दिसलं, जसं दुसऱ्याला घड्याळात किती वाजले ते दिसतं.

“मला नाही झेपत हे, एनिड,” तो म्हणाला. हाच शब्द त्यानं वापरला. त्याला काही आठवलंही नाही. चेहरा अगदी खरा होता. नॉर्मनच्या खाटेशी बसायचा तेव्हा असायचा तसा. “गार्बटचं बेणं माझ्या हातून मरता कामा नये. नॉर्मनला काय तोंड दाखवू मी?”

“ठेव इथे,” मी म्हणाले. “बघते मी.”

“बघशील ना? देव तुझं भलं करो. शनिवारी येतो न्यायला.” पायरी उतरताना तो वळला. “तुला हवं तर क्रेगला सांगून कधीमधी आत घेईन तुला. तासभर. कुणाला कळतंय.”

दार लावून मी बादली ओट्यावर ठेवली. बुडं कापली, कुजलेले पापुद्रे काढले. आत पांढरं, घट्ट, मनगटाएवढं निघालं. तीन लीक, दोन बटाटे, लोणी. मला आठवेना की मी ही कधी खाल्ली होती. प्रदर्शनाच्या लीकचा रस्सा क्लबात व्हायचा, पुरुषांसाठी, आणि मी तो वाढायची. सगळ्यांत चांगल्या तर कधी कापल्याच जात नव्हत्या, त्या पुन्हा मातीत जायच्या. चाळीस वर्षांत एक फोड माझ्या तोंडात गेली नव्हती. बटाटे उकडले, गाळले आणि त्यांचं पाणी डब्यात काढून खिडकीशी ठेवलं, गार व्हायला. ठेवून झाल्यावर, झाकण हातात असताना मला कळलं की मी काय करतेय. त्या पाण्याची वाफ काचेवर चढत होती. मग मी तो डबा उचलला आणि सगळं पाणी पातेल्यात ओतलं.

रस्सा दाट झाला. मी चांगलं ताट काढलं, रुमाल घेतला, नॉर्मनच्या खुर्चीकडे पाठ करून बसले. पहिला घास तोंडात फिरवला. दुसरा घेतला. मीठ घातलं, मिरपूड घातली, परत चव घेतली. काही नव्हतं. नुसते चिवट धागे आणि पाणी. घेरासाठी वाढवलेल्या भाजीत चव उरत नसेल. शाळेतल्या पोरांनी हे ताटात तसंच ठेवलं असतं आणि मी त्यांना रागावले नसते. सव्वीस वर्षं दोन्ही हातांना डबे, आणि हे. मी सगळं संपवलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेही संपवलं. मग बादली घासली, पालथी घालून निथळली आणि शनिवारची वाट न बघता दाराबाहेर पायरीवर ठेवून दिली.